बादशाचं आवतन

आमच्या बेलझरीत एखादा माणूस हरवला तर दोन दिवस कोणाच्या ध्यानात यायचं नाही. बादशा गोठ्यात नाही, ही बातमी मात्र पोळ्याच्या दिवशी सकाळी माझा चहा उकळायच्या आत दारात येऊन उभी राहिली. घेऊन आले होते खुद्द उत्तमराव काका. पायात चप्पल नाही, अंगात नुसती बनियन, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"वर्षाली, माह्या बादशा गेला वं!"

"कुठे गेला?"

"गेला म्हंजे चोरीले गेला! तू पोलीस पाटील हायेस का कोन हायेस? चाल लवकर!"

मी गावची पोलीस पाटील आहे हे लोकांना असं अडीअडचणीलाच आठवतं. एरवी मी नुसती वर्षाली. अधिकार म्हणाल तर एक शिक्का आणि गावातल्या प्रत्येक भांडणात मधोमध उभं राहायची हक्काची जागा. चहा गॅसवर तसाच ठेवून मी निघाले.

बादशा म्हणजे बैल. नुसता बैल म्हटलं तर काका आजही माझ्याशी महिनाभर बोलणार नाहीत. शंकरपटात दोन बैल हलक्या छकड्याला जुंपून सरळ पट्टीवर सोडतात, आणि आपण पापणी मिटून उघडेपर्यंत खेळ खलास झालेला असतो. बादशा ज्या जोडीत, ती जोडी पहिली, असं बाळापूरपासून अचलपूरपर्यंत पोरंटोरंसुद्धा सांगायची. काकांचा झेंडू अकोल्याच्या बाजारात जातो. पण काकांचं नाव झालं ते झेंडूनं नाही, बादशानं. त्यांच्या घरातला फ्रिज पटाचा, मोटारसायकल पटाची, भिंतीवरचं घड्याळही पटाचं. सत्यभामा काकू गमतीनं म्हणायच्या की या घरात बैलानं न आणलेली वस्तू म्हणजे मी एकटी.

गोठ्यात जाऊन पाहते तर चोर मोठा टापटिपीचा निघाला. दाराची कडी परत लावलेली. रोजचा कासरा खुंटीला नीट गुंडाळून टांगलेला. नवा रंगीत कासरा आणि पोळ्यासाठी काढून ठेवलेली आरशांची झूल मात्र गायब. बाजूला काकांचा दुसरा बैल, म्हातारा झालेला, काही घडलंच नाही अशा थाटात रवंथ करत बसला होता.

"परक्यानं हात लावला तं बादशा शिंगावर घेते," काका म्हणाले. "त्याले हात लावनारे आमी तिघंच. मी, सत्यभामा अन् बुधाजी. आता तूच हिशोब कर."

हिशोब त्यांनी आधीच केला होता. स्वतःला वजा केलं, बायकोला कोणी धरतच नाही, उरला बुधाजी.

बुधाजीभाऊ म्हणजे काकांचे धुरकरी. छकड्यावर बसून जोडी हाकतो तो धुरकरी. बादशाला वासरू असल्यापासून त्यांनीच तयार केलं होतं; पहाटे चालवायला न्यायचं, पोहायला न्यायचं, सगळं त्यांच्याकडे. आणि आठवड्यापूर्वी काकांनी बादशाचा सौदा केला होता. काकांचे गुडघे गेलेले, दुसरा बैल थकलेला, पटाला तर जोडी लागते. अचलपूरकडचे वामनराव म्हणून शौकीन आहेत, त्यांच्याकडे बादशाच्या तोलाचा बैल होता. पोळ्याच्या दिवशी सकाळी येऊन घेऊन जातो, माझ्या गावच्या पोळ्यात त्याला मिरवतो, असं ते म्हणाले आणि काकांनी जबान दिली. हे कळल्यावर बुधाजीभाऊ चहाच्या टपरीवर चारचौघांत बोलून बसले होते, "बादशा गेला तं मी पुन्हा छकड्यावर पाय ठेवनार नाही."

बस, एवढं पुरे होतं. त्यात त्यांचा मुलगा अश्विन पहाटेच पिकअप घेऊन अकोल्याला गेला होता. मागे ताडपत्री बांधलेली, म्हणजे आत झेंडू होता हे कोणी पाहिलेलं नाही. पोळ्याला झेंडू अकोल्याला जातो हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण संशय आला की माणसाला ताडपत्रीच दिसते, झेंडू दिसत नाही.

"काका, थांबा जरा. अश्विनची पोलीस भरतीत निवड झाली आहे. त्याची पडताळणी पातूरच्या ठाण्यातूनच जायची आहे. तुम्ही त्याचं नाव घेतलं तर पोराची नोकरी जाईल."

"माह्या बैल गेला ते?"

"मी आधी बुधाजीभाऊंशी बोलते. तोवर ठाण्यात जाऊ नका."

ते काही बोलले नाहीत. न बोलण्याला मी होकार समजले. लग्न होऊन या गावात इतकी वर्षं झाली, तरी पुरुष गप्प बसला म्हणजे ऐकलं असं नव्हे, हे मला अजून कळायचं आहे.

बुधाजीभाऊंच्या घरी मैनाबाई भाकरी टाकत होत्या. बैल गेल्याचं ऐकून बुधाजीभाऊ आधी उभेच राहिले. "कोनं नेला? कोनत्या रस्त्यानं? त्याचा मागचा डावा पाय दुखते वं, त्याले लांब चालवू नोका म्हना!" मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना कळलं की मी सांगायला नाही, विचारायला आले आहे. ते हळूच खाली बसले.

"आमच्यावर आलं का?" मैनाबाईंनी विचारलं. तव्यावरची भाकरी करपत होती, त्यांनी ती उलटली नाही.

"माझ्या मनात तसं नाही, मैनाबाई."

"तुह्या मनात नाही, मालूम हाय. पन तू आलीस तं सही ना."

मी अश्विनला फोन लावला. तो उचलत नव्हता. बाजारातल्या गोंगाटात त्याला ऐकू येत नसणार. मी तिथून निघते तोच टपरीवाला सांगत आला की उत्तमराव मोटारसायकलवर पातूरला गेले. पटाच्या मोटारसायकलवर. मला असा संताप आला की विचारू नका.

मी ठाण्यात फोन लावला. जमादार ओळखीचे, भला माणूस. म्हणाले, "ताई, अर्ज तं दिला त्यायनं. अश्विनचं नाव लिहून दिलं. मी अजून नोंदवला नाही, पन संध्याकायी साहेब आले का त्यायच्या टेबलावर ठेवाच लागन. ज्यानं दिला तोच येऊन मांगे घेईन तं गोष्ट येगळी."

म्हणजे दिवस मावळायच्या आत बादशा सापडायला हवा आणि काकांनी पुन्हा पातूरला जायला हवं. नाहीतर धावून धावून गुडघे फोडून घेतलेल्या, पहाटे पिकअप आणि रात्री पुस्तकं अशी दोन वर्षं काढलेल्या पोराच्या नावापुढे बैलचोर लागणार होतं. मला त्या बैलाचं तेव्हा काही एक पडलं नव्हतं, खरं सांगते.

काकांच्या घरी परत आले तर अंगणात वामनरावांचा पिकअप उभा. गाडीला फुगे, समोर हार, मागे बैलासाठी गवताची मऊ गादी. नवरी न्यायला आल्यासारखे वामनराव पांढरा फेटा बांधून ओसरीवर बसले होते आणि नवरी पळून गेल्याचं त्यांना नुकतंच कळलं होतं.

"मी रिकामी गाडी घेऊन नाही जानार," त्यांनी मला बजावलं. "गावात सांगून आलो मी. बैल सापडीस्तोर अथीच बसतो."

त्यांना पाणी द्यायला मी स्वयंपाकघरात गेले. आणि दारातच थांबले.

सत्यभामा काकू पुरण वाटत होत्या. पाट्याशेजारी परातभर कणीक तिंबून ठेवलेली. वरणाला फोडणी बसलेली, भजी तळून झाकलेली, केळीचं पान धुऊन भिंतीला टेकवलेलं. घरातला बैल चोरीला गेलेला, नवरा ठाण्यात, बाहेर पाहुणा रुसून बसलेला, आणि ही बाई वरवंटा अशी ओढत होती की पुरणात एक डाळ राहायला नको.

आमच्याकडे पोळ्याचं पुरण आधी बैलाला. तो जेवल्याशिवाय घरची बाई पाणीसुद्धा पीत नाही. ज्या घरात बैलच नाही त्या घरात त्या दिवशी चूल कशीबशी पेटते. मी काकूंकडे पाहिलं. ओठ कोरडे पडले होते त्यांचे.

"काकू, चहा झाला का?"

"उपास हाय न आज."

"उपास कोणाचा? बैल तर चोराकडे आहे."

वरवंटा थांबला.

"पुरण कोणासाठी वाटून राहिल्या, काकू?"

त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "हळू बोल. भाईर वामनराव हायेत."

मग सगळं बाहेर आलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना कोमट तूप-हळद चोळतात आणि बैलाच्या कानाशी सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. शिकलेल्या माणसाला हसू येईल, पण ते आमंत्रण असतं, खरंखुरं. दिलं की दिलं. काकूंनी आदल्या संध्याकाळी बादशाला आवतन दिलं, आणि दिल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की उद्या जेवणाच्या वेळी हा आपल्या दारात नसणारच.

"मी म्हनलं तुह्या काकाले, वामनरावले फोन करा. एक दिवस मांगं-पुढं. तं म्हनते, जबान देली. म्या म्हनलं, तुमी त्याले जबान देली, मी बादशाले देली. माही जबान जबान नाही का? तं उठूनच गेले." काकूंनी पाट्यावरचं पुरण हातानं गोळा केलं. "जेवाले बलवायचं अन् उपाशी हाकलून द्याचं? आजपावतो या घरात फक्त त्यानंच आनलं, वर्षाली. मांगितलं काहीच नाही त्यानं."

"म्हणून चोरला?"

"चोरला काहून? माह्याच गोठ्यातून नेला न मी."

मला हसू आलं आणि रडूही. बादशा होता त्यांच्याच मळ्याच्या टोकाला, शेडनेटमध्ये. हिरव्या जाळीचा तो मांडव यंदा रिकामाच पडला होता, म्हणून तिकडे कोणी फिरकत नव्हतं. मी मागच्या दारानं जाऊन डोळ्यांनी पाहून आले. जाळी बाजूला केली तर महाराज झूल पांघरून, गळ्यात झेंडूची माळ, समोर हिरवा चारा. खांद्यावर हळद तशीच होती. माझ्याकडे पाहून फुसकन नाकातून वारा सोडला आणि पुन्हा खायला लागला. तुमच्या गावभानगडीत मला ओढू नका, असंच त्याचं म्हणणं असावं.

परत येऊन मी काकूंना सांगितलं, "काकांनी ठाण्यात अर्ज दिला. अश्विनचं नाव दिलंय."

त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांच्या तोंडावरचा रंगच उडाला. "अश्विनचं? आपल्या अश्विनचं? काहून?"

"बुधाजीभाऊंवर संशय म्हणून."

"माय वं!" त्या मटकन बसल्या. "मी आताच सांगतो. आताच..." उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि तिथे उभ्या राहिल्या. ओसरीवर वामनरावांचा फेटा दिसत होता. बैल आता समोर आला तर पाचव्या मिनिटाला गाडीत चढणार होता. काकू दारात, एक हात चौकटीला. एका बाजूला त्यांचा शब्द, दुसऱ्या बाजूला पोराचं आयुष्य, आणि त्यात मी शिक्का घेऊन काय उजेड पाडणार होते?

तेवढ्यात, दुपार कलता कलता, काका पातूरहून थेट आखरावर गेल्याचं कळलं. आखर म्हणजे गावाबाहेरचं मैदान, तिथे पोळा भरतो. दरवर्षी तोरणाखालून पहिलं जायचा मान बादशाचा; यंदा तो कोणाला द्यायचा यावर तिथे खल चालला होता. काकूंनी चौकटीवरचा हात काढला. "तू हो पुढं, वर्षाली. मी त्याले घेऊन तिथंच येतो. एकट्या तुह्या काकाले सांगून नाही चालनार. नाव चारचौघात गेलं पोराचं, तं चारचौघातच निंघाले पायजे."

मी आखरावर पोचले तेव्हा मैदान भरलं होतं. रंगवलेली शिंगं, बाशिंगं, बेगड, ढोल. वामनरावही मागून आले. एका कडेला बुधाजीभाऊ उभे होते. दरवर्षी बादशाचा कासरा धरून ते तोरणाखाली येत. "मी हात जोडत नाही, कासरा धरतो," असं ते हसून सांगायचे, आणि बौद्ध माणूस पोळ्यात कसा, असं कोणी कधी विचारलं नव्हतं. आज त्यांच्या भोवती जागा रिकामी होती. मैनाबाई शेजारी. अश्विन नुकताच अकोल्याहून आला होता, अंगावर अजून झेंडूच्या पाकळ्या, आणि काय झालं ते त्याला आईकडून कळत होतं.

पोळ्यात झडत्या होतात. तोरण तुटण्याआधी कोणीही पुढे यायचं, चार ओळी जुळवून कोणाचीही टोपी उडवायची, शेवटी सगळ्यांनी हर हर महादेव म्हणायचं. त्यात सरपंचाला सोडत नाहीत, तिथे बाकीच्यांचं काय. देवीदास आमचा झडतीवाला, तोंडाचा फटकळ. तो पुढे झाला आणि हात वर करून ओरडला,

"पोट्टा निंघाला पोलीस व्हाले,
टोपी मांगे सायबाले!
चोर धराले गेला रातच्याले,
घेऊन गेला बादशाले!"

लोक हसले. हर हर महादेव मात्र नीट उठलं नाही, अर्धंच राहिलं. अश्विन मान खाली घालून उभा होता. चोवीस वर्षांचा उंचापुरा पोरगा, त्याचे कान लाल झाले होते. बुधाजीभाऊंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. माझा जीव असा तुटला की वाटलं, देवीदासच्या दोन थोबाडीत द्याव्यात, पाटीलकी गेली खड्ड्यात.

तेवढ्यात मागून घुंगरू नाही, ढोल नाही, नुसती कुजबुज आली आणि गर्दी दुभंगली. सत्यभामा काकू बादशाला घेऊन येत होत्या. नऊवारी खोचलेली, डोक्यावरचा पदर घसरलेला, हातात नवा कासरा. बाई पोळ्यात बैल घेऊन आलेली आमच्या गावानं कधी पाहिली नव्हती. त्या सरळ तोरणासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"देवीदास, आता माही आयक. मले जुयवता येत नाही, सिधं सांगतो. बादशा मी नेला. मी, सत्यभामानं. कोनं चोरला नाही. काल त्याले आवतन देलं होतं, उपाशी जाऊ देनार नवती म्हून लपवला. अश्विननं काही केलं नाही. बुधाजीनं काही केलं नाही. ज्याले हसायचं असन त्यानं आता मले हसा."

कोणी हसलं नाही. काका पुढे आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अवं, सुटून गेला होता असं सांगितलं असतं तं..."

"सुटून गेला म्हनलं असतं तं पोरावरचं गेलं असतं का? लोक म्हनले असते, भेवानं आनून सोडला."

वामनराव फेट्यावरून हात फिरवत बादशाभोवती एक चक्कर मारून आले. मला वाटलं, आता हे हट्ट धरून बसणार. ते म्हणाले, "वहिनी, आवतन देल्लेला बैल म्या उपाशी नेला असता, तं माह्या गोठ्यात त्यानं दान्याले तोंड नसतं लावलं. आधी सांगितलं असतं तं मीच थांबलो असतो. उद्या नेतो." आणि काकांकडे वळून म्हणाले, "उत्तमराव, एक फोन कराले काय झालं होतं?"

काकांनी कासरा काकूंच्या हातून घेतला आणि बुधाजीभाऊंसमोर धरला. "चाल बुधाजी. धर. तोरन खोयंबलं."

बुधाजीभाऊंनी हात पुढे केला नाही.

"भाऊ, पोराचं नाव ठान्यात हाय. ते पैले काढून आना. मंग तोरन."

"उद्या सकायीच जातो, बाप्पा. आता पोया..."

"पोया थांबते. पोराचं नाव नाही थांबत."

मी तेव्हा पुढे झाले आणि सांगितलं की संध्याकाळी साहेब आले की अर्ज वर जाईल, दिवस मावळतीला लागलाय. काकांनी आजूबाजूला पाहिलं. कोणीतरी आपली बाजू घेईल असं त्यांना वाटलं असावं. कोणी घेतली नाही. देवीदास पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मग तोच म्हणाला, "चाला काका, गाडी मी चालवतो." काकांनी कासरा काकूंच्या हातात परत दिला.

आमच्या गावचा पोळा त्या दिवशी एका अर्जासाठी थांबला. मानाचा बैल तोरणापुढे, त्याच्या मागे सगळ्या जोड्या. ढोलवाले बिड्या ओढत बसले. बैल कंटाळून शेपट्या मारत होते, पण एकही जोडी पुढे सरकली नाही आणि कोणी सरकवाही म्हणालं नाही. बुधाजीभाऊ बादशाजवळ गेले, त्याचा मागचा पाय उचलून पाहिला, दाबून पाहिला, पण कासरा काकूंच्याच हातात राहू दिला.

तेव्हा काकू कासरा तोरणाच्या खांबाला बांधून मैनाबाईंजवळ गेल्या. हात जोडले. म्हणाल्या, "मैना, चुकलं माह्यं. माह्या ध्यानातच आलं नाही का तुमच्यावर येईन."

मैनाबाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "कसं येईन, बाई? तुमच्या ध्यानात बैल होता. बैलाले तुमी दर साली आवतन देता. माह्या मानसानं तुमचा गोठा वीस वर्सं सांभायला. त्याले कधी देलं का? भाईर ओट्यावर चहा देला, कपबशी त्यानं धुवून ठेवली. म्या कधी काही म्हनलं नाही. आज निंघालं तोंडातून."

हे त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत, पण आम्ही जवळ होतो त्या सगळ्यांनी ऐकलं. कप वेगळा ठेवणाऱ्या घरांत माझंही घर होतं सासूबाई असेपर्यंत, आणि नंतर तो कप मी फळीवरून काढला असला तरी कोणाला आत बसवून जेवू घातलं होतं का? नव्हतं. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसलंही नाही त्यांनी.

"आज चाल न मंग. सारे चाला. सैपाक तयार हाय."

"आज नाही," मैनाबाई म्हणाल्या. "आज बैलाचा सन हाय, त्याचं जेवन त्याले घाला. आमाले बलवायचं असन तं कोनताच सन नसन त्या दिवशी बलवा. तुमी रोज खाता ते खाऊ घाला."

काका आणि देवीदास परतले तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. अर्ज मागे घेतला होता. त्यावर बैल घरच्याच माणसानं नेला होता, अश्विनचा काही संबंध नाही, असं काकांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. जमादारांनी मला फोन करून तसं सांगितलं. काका अश्विनसमोर जाऊन उभे राहिले. हात जोडायला गेले. अश्विनच म्हणाला, "राहू द्या काका." त्याच्या आवाजात माफी होती की थकवा, मला सांगता येणार नाही. मग बुधाजीभाऊंनी कासरा हातात घेतला, आणि बादशा तोरणाखालून गेला.

त्या रात्री काकूंनी त्याचे पाय धुतले, ओवाळलं, आणि पानावरच्या पुरणपोळ्या आपल्या हातानं त्याच्या तोंडात दिल्या. मग कुठे स्वतः पाणी प्यायल्या. दुसऱ्या दिवशी बादशा वामनरावांच्या गाडीतून अचलपूरकडे गेला. काकू दाराआड उभ्या होत्या, बाहेर आल्या नाहीत. बुधाजीभाऊ मात्र सोबत गेले, नव्या जागी त्याची घडी बसेपर्यंत. चार दिवसांनी एसटीनं एकटे परत आले आणि छकडं उत्तमरावांच्या अंगणात नेऊन उभं करून आले. पट त्यांनी सोडला. तो शब्द त्यांनी पाळला.

दिवाळी होऊन गेलेली, संक्रांत यायची होती, असा मधला एक कोरा मंगळवार. काकू भरदुपारी मैनाबाईंच्या घरी गेल्या, आणि एकटं जायचा धीर होईना म्हणून मलाही नेलं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मैना, आज काहीच नाही हाय. वांग्याची भाजी केली अन् भाकर."

मैनाबाईंनी बुधाजीभाऊंकडे पाहिलं. बुधाजीभाऊ उठले, हात-पाय धुतले, स्वच्छ सदरा घातला. अश्विन प्रशिक्षणाला गेला होता.

काकूंनी स्वयंपाकघरात, चुलीसमोर, सगळ्यांची पानं एका ओळीत मांडली होती. काका आधीच बसले होते, पाहुण्यासारखे अवघडून. बुधाजीभाऊंनी भाकरी मोडली, घास घेतला, मान डोलावली. मैनाबाईंनी घास घेतला आणि थोडा वेळ चावत राहिल्या.

"बाई, वांग्यात मीठ कमी हाय."

काकूंनी मैनाबाईंकडे पाहिलं, आणि माझ्या देखत त्यांच्या चेहऱ्यावरचं कितीतरी दिवसांचं ओझं उतरलं. त्यांनी चुलीमागची मिठाची बरणी उचलली आणि मैनाबाईंपुढे सरकवली. "घे. तुह्या हातानं टाक."

त्या बरणीत आजवर घरच्याशिवाय कोणाचा हात गेला नव्हता. मैनाबाईंनी झाकण काढलं, आत हात घातला, चिमूट घेतली. आधी बुधाजीभाऊंच्या ताटात टाकली, मग स्वतःच्या, मग माझ्या, मग काकूंच्या.

काका आपलं ताट हळूच पुढे सरकवत म्हणाले, "अन् मले?"